ट्रॉली मागं घ्यायला शिकताना

ट्रॅक्टर पुढं चालवायला माणूस लवकर शिकतो. अडतं ते मागं ट्रॉली जोडून रिव्हर्स टाकला की. आणि सोलापूर जिल्ह्यात राहून हे काम टाळता येत नाही. ऊसतोडीची टोळी आली की फडात ट्रॉली मागं घेऊनच लावावी लागते. हिवाळ्यात कांद्याची आवक वाढली की सोलापूरच्या मार्केट यार्डात दोन गाड्यांच्या मधल्या जागेत ती बसवावी लागते. आषाढीला दिंडीचं सामान घेऊन निघालात, तर नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी अशा मुक्कामांवर आणि शेवटी पंढरपुरात 65 एकर नावाच्या दिंड्यांच्या तळावर, राहुट्यांच्या ओळींमधून आपल्या जागेवर ट्रॉली न्यावी लागते. तेही चालत येणारे वारकरी पोचायच्या आत.

एवढं गरजेचं काम, पण ते कुणी धडपणे शिकवत नाही. पोरगं मोठ्यांचं बघत बघत शिकतं, आणि ते सीटवर बसलं की मागून चार जण "उजवीकडं कट मार", "अरे, डावीकडं" असं ओरडत राहतात. ज्यांना ट्रॅक्टर पुढं नीट चालवता येतो पण मागं घेताना ट्रॉली भलतीकडं जाते, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

यातली मुख्य गोष्ट आधीच सांगतो. मागं घेताना दोन कामं असतात. ट्रॉलीला थोडंसं वळण सुरू करून द्यायचं, हे पहिलं. आणि वळण सुरू झालं की लगेच ट्रॅक्टर तिच्या मागोमाग न्यायचा, हे दुसरं. पहिलं सगळ्यांना जमतं. दुसरं कुणी सांगितलेलंच नसतं, म्हणून ट्रॉली दुमडते.

आधी ट्रॉली ओळखा

दोन चाकी ट्रॉलीला एकच आस असतो आणि तिची दांडी थेट ट्रॅक्टरच्या हुकात बसते. वळणारा सांधा एकच. चार चाकी ट्रॉलीचा पुढचा आस दांडीसकट गोल फिरतो, म्हणजे तिथं सांधे दोन झाले. शिकायला दोन चाकीच घ्या, तीही रिकामी. हंगामात एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या जोडलेल्या दिसतात. ती जोड मागं घ्यायच्या फंदात पडू नका. मागची ट्रॉली सोडायची आणि एकेक करून लावायची.

लहान ट्रॉली सोपी असेल असं वाटतं, पण अनुभव उलट येतो. दांडी आखूड आणि आस जवळ असला की ट्रॉली झटकन वळते, विचार करायला वेळ देत नाही. लांब ट्रॉली सावकाश वळते, त्यामुळं चूक दिसते आणि दुरुस्तही करता येते. घरात दोन्ही असतील तर लांब निवडा.

जागा आणि तयारी

काळ्या रानात शिकू नका. ओलं असेल तर चाक रुततं, आणि उन्हाळ्यात भेगांमुळं स्टिअरिंगला हिसके बसतात. मुरमाड माळ, खळं किंवा गावाबाहेरचं मोकळं मैदान बघा. लांबी शंभरेक फूट तरी हवी, आणि जमीन सपाट हवी. सकाळची वेळ चांगली. पोरंटोरं, जनावरं आसपास नसावीत.

दोन रिकामे ड्रम किंवा कापड बांधलेल्या दोन काठ्या घ्या. हे तुमचं फाटक. सुरुवातीला दोन्हींमधलं अंतर ट्रॉलीच्या रुंदीच्या दुप्पट ठेवा. ट्रॉली किती रुंद आहे ते टेप लावून मोजा, अंदाजावर जाऊ नका. नंतर हे अंतर कमी करत आणायचं आहे.

आता ट्रॅक्टरकडं या. दांडी हुकात अडकवणारी पिन वरून घातली की तिच्या खालच्या टोकाला क्लिप लागलीच पाहिजे. तिथं तारेचा तुकडा पिळून भागवतात, तो मागं-पुढं हिसक्यात तुटतो. ट्रॉली कायम ट्रॅक्टरच्या पक्क्या हुकातच जोडायची. वर टॉप लिंकच्या जागेला जोडून ओढली तर ट्रॅक्टर पुढून उचलतो आणि मागं उलटू शकतो. यात माणसं गेली आहेत, म्हणून हे ठामपणे सांगतो. लिफ्टचे दोन्ही हात नीट बांधून ठेवा, नाहीतर ते झुलतात आणि वळणात दांडीला किंवा टायरला लागतात. डावा-उजवा ब्रेक पट्टीनं एकत्र जोडा. एका ब्रेकवर ट्रॅक्टर जागच्या जागी फिरवायची सवय नांगरताना उपयोगाची असते, पण मागं ट्रॉली असताना नवशिक्यानं ती वापरली तर ट्रॉली क्षणात दुमडते. डिफरन्शियल लॉक (मागची दोन्ही चाकं सारखीच फिरवणारा) लागलेला नाही हेही बघा, कारण तो लागला की ट्रॅक्टर वळतच नाही.

डंपिंगची ट्रॉली असेल तर हायड्रोलिकचा पाइप बघा. सरळ उभी असताना पाइप सैल दिसतो, पण पूर्ण वळणात ताणला जातो. एकदा सावकाश वळवून थांबा, खाली उतरा आणि किती सैल राहतो ते डोळ्यांनी पाहा.

गाण्यांचा साउंड बंद करा. मागच्या माणसाची हाक, दांडी टायरला लागल्याचा आवाज, खाली काही चेपल्याचा आवाज, हे सगळं कानांनीच कळतं. दांडीवर आणि मडगार्डवर कुणीही बसणार नाही. आणि शिकणारा 18 वर्षांचा झालेला असावा, लायसन्स असावं. शेतात कोण विचारतंय, असं म्हणतात. पण शेतातून निघालेली ट्रॉली शेवटी रस्त्यावरच येते.

सीटवर बसण्याआधी फट बघा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते हीच सगळ्यात मोलाची आहे. जाणत्या माणसाला सीटवर बसवा आणि तुम्ही बाजूला, चाकांपासून चांगलं लांब उभे राहा. त्याला म्हणावं, "आण्णा, अगदी हळू मागं घ्या, मी सांगतो तिथं थांबा."

ट्रॅक्टरचं मोठं चाक आणि ट्रॉलीची दांडी यांच्यामधल्या फटीकडं लक्ष द्या. सरळ असताना दोन्ही बाजूंची फट सारखी असते. वळण सुरू झालं की एका बाजूची कमी होत जाते. आधी अगदी सावकाश, मग भराभर. शेवटची हातभर फट तर बघता बघता मिटते. टायर आणि दांडीत, किंवा टायर आणि ट्रॉलीच्या पुढच्या कोपऱ्यात, दोन वीत जागा उरली की थांबायला सांगा. गाडी बंद करून आता तुम्ही सीटवर बसा, मागं वळून बघा. ट्रॉलीचा कोणता कोपरा तुम्हाला कुठं दिसतो? मडगार्डच्या कडेशी तिची कोणती बाजू जुळते? हे चित्र डोक्यात पक्कं करा. दुसऱ्या बाजूनंही हेच करा. ही तुमच्या ट्रॅक्टरची आणि तुमच्या ट्रॉलीची हद्द आहे. पुढं कधीही ट्रॉली तशी दिसली की आणखी मागं जायचं नाही.

सरळ मागं घेणं

वळण नंतर. आधी नुसतं सरळ. ऐकायला हे सोपं वाटतं, पण यातच हात तयार होतो.

ट्रॅक्टर थोडा पुढं ओढून ट्रॉली सरळ रेषेत आणा. लो रेंजमध्ये रिव्हर्स टाका, हाताचा ॲक्सिलेटर कमी ठेवा, इंजिन संथ चालू द्या. क्लच सावकाश सोडा. हुकात पिन थोडी सैल असते, त्यामुळं आधी खट् असा आवाज येतो आणि मग ट्रॉली हलते. त्या आवाजाला दचकून ॲक्सिलेटर देऊ नका. तुमच्या बाजूनं चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या चालीपेक्षा जास्त वेग नको.

ट्रॅक्टरवर बसायची जागा मधोमध असते. मोटारीसारखी एक बाजू लपत नाही, हा मोठा फायदा आहे. आलटून पालटून दोन्ही खांद्यांवरून मागं बघा. ट्रॉली अगदी सरळ कधीच जाणार नाही, ती कुठल्या तरी बाजूला कलायला लागेल. कलली की त्या बाजूची तिची फाळकी, म्हणजे कडेची फळी, जास्त दिसायला लागते. ज्या बाजूला ट्रॉली जास्त दिसली, त्याच बाजूला स्टिअरिंग थोडं फिरवा. ती सरळ व्हायला लागेल. होत आली की चाकं परत सरळ करा. एवढा एक नियम लक्षात ठेवलात तर सरळ मागं घेणं जमतं.

"थोडं" म्हणजे किती, हे विचारतात. ट्रॅक्टरवर त्याचं उत्तर समोरच आहे: पुढची चाकं सीटवरून दिसतात. ती जराशी तिरकी दिसली की पुरे. स्टिअरिंगच्या वरच्या बाजूला पांढरी चिकटपट्टी लावून खूण करायची युक्ती काही जण सांगतात. साध्या स्टिअरिंगवर ती चालते. पॉवर स्टिअरिंगच्या ट्रॅक्टरवर मात्र भरवसा ठेवू नका, कारण तिथं तेलाच्या दाबावर चाकं वळतात आणि खूण हळूहळू जागा सोडते. चाकांकडं बघणंच खरं.

मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ट्रॉली न दुमडता जाईपर्यंत हेच करत राहा. कंटाळा येईल. तरी वळणाकडं घाई करू नका.

वळून फाटकात शिरणं

उजवं-डावं यात डोकं गोंधळतं, त्यात तुम्ही मागं तोंड करून बसलेले. म्हणून शिकताना ते शब्द बाजूला ठेवा आणि जागेवरच्या खुणा वापरा. समजा एका अंगाला विहीर आहे आणि दुसऱ्या अंगाला बांध. फाटक विहिरीच्या अंगाला आहे.

एक हात स्टिअरिंगच्या अगदी खालच्या टोकाला, मांडीजवळ धरा. आता नियम असा: खालचा हात जिकडं न्याल, तिकडं ट्रॉलीचा मागचा भाग जातो. हात विहिरीकडं नेला की ट्रॉली विहिरीकडं, बांधाकडं नेला की बांधाकडं. वरच्या टोकाला धरलं तर सगळं उलटं भासतं, आणि नवशिक्याची निम्मी अडचण तिथंच असते.

फाटकासमोरून पुढं जा. ट्रॉलीचं चाक फाटकाच्या पलीकडच्या काठीच्या चांगलं पुढं गेलं पाहिजे, साधारण ट्रॉलीच्या एका लांबीएवढं. ट्रॅक्टर-ट्रॉली एका रेषेत करून थांबा. खाली उतरून एकदा मागं चालत जा आणि जागा बघून या. खड्डा, दगड, पाण्याचा पाइप, झोपलेलं कुत्रं, जे असेल ते आताच दिसू दे.

मग रिव्हर्स टाकून सावकाश निघा आणि खालचा हात विहिरीकडं न्या, पण थोडाच. ट्रॉली लगेच वळणार नाही. पाच-सहा हात तशीच जाईल, आणि इथंच माणूस अधीर होऊन आणखी स्टिअरिंग मारतो. मारू नका. वाट बघा. वळण सुरू झालेलं तुम्हाला फटीवरून कळेल.

ट्रॉली आणि ट्रॅक्टर यांच्यात काटकोनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा कोन झाला की दुसरं काम सुरू होतं. इथं नीट लक्ष द्या. खूप जणांना वाटतं की वळण पुरे झालं, आता चाकं सरळ केली की ट्रॉली आहे त्या कोनात राहील. ती राहत नाही. चाकं सरळ करून मागं जात राहिलात तर कोन वाढतच जातो, कारण ट्रॅक्टर दांडीला बाजूनं ढकलत राहतो आणि ट्रॉली आणखी फिरत जाते. पुढं जाताना ट्रॉली आपोआप रेषेत येते, मागं जाताना आपोआप रेषेबाहेर जाते. म्हणून कोन आहे तेवढाच राखायचा असेल तर चाकं सरळच्याही पलीकडं, दुसऱ्या बाजूला न्यावी लागतात. खालचा हात विहिरीकडून मधे, आणि मधून थोडा बांधाकडं. आता ट्रॅक्टरचं तोंड फिरायला लागतं आणि तो ट्रॉलीच्या मागं गोलात येतो. ही अवस्था मिळाली की वळणाचा बराचसा भाग हात जवळपास स्थिर ठेवून पार पडतो. कोन वाढतोय असं वाटलं तर हात आणखी बांधाकडं, कमी होतोय असं वाटलं तर थोडा मधे.

ट्रॉलीचं मागचं तोंड फाटकात शिरलं की ती सरळ करायची. हात बांधाकडं आणखी न्या, ट्रॅक्टर भराभर रेषेत येईल. पूर्ण रेषेत येण्याच्या थोडं आधीच चाकं सरळ करायला घ्या, कारण स्टिअरिंग फिरवायलाही वेळ लागतो आणि तेवढ्यात ट्रॅक्टर पलीकडं निघून जातो. मग उरलेलं अंतर सरळ मागं, ते तुम्हाला आता येतं.

दोन्ही बाजूंनी सराव करा, पण आधी ज्या बाजूला मान सहज वळते त्या बाजूनं. फाटक हळूहळू अरुंद करत दोन्ही अंगांना हातभर जागा उरेल इथवर आणा. पुढं रिकाम्या ट्रॉलीवर कडब्याच्या पेंढ्या उंच रचून बघा. उसानं भरलेली ट्रॉली मागची सगळी नजर बंद करते, फक्त दोन बाजू दिसतात. ती सवय आधीच झालेली बरी.

दुमडायला लागली तर

थांबा आणि पुढं घ्या. याला पर्याय नाही. एका कोनापलीकडं स्टिअरिंग कितीही उलटं मारलं तरी ट्रॉली परत येत नाही, आणि ती मघाची दोन वीत फट हीच त्याची खूण आहे. ट्रॅक्टरची लांबीभर पुढं गेलात की ट्रॉली बरीचशी सरळ होते. मग परत मागं.

पुढं घ्यायला नवीन माणूस कचरतो, बघणारे काय म्हणतील म्हणून. जो ड्रायव्हर वेळेवर पुढं घेतो तोच चांगला, असं माझं स्पष्ट मत आहे. हट्टानं मागं रेटलं तर टायरची बाजू फाटते, मडगार्ड वाकतं, मागचा दिवा जातो, पिन वाकून अडकते. मोठ्या टायरची किंमत दुकानात विचारून या, म्हणजे पुढं घ्यायची लाज वाटणार नाही.

चार चाकी ट्रॉली

दोन सांध्यांमुळं इथं सगळं उलटं होतं. सुरुवातीचं स्टिअरिंग मोटारीसारखं मारावं लागतं, कारण दांडी एकीकडं वळते आणि ट्रॉलीचा मागचा भाग तिच्या उलट. शिवाय पुढचा आस पटकन आडवा होतो, आणि तो आडवा झाला की भरलेली ट्रॉली कलंडण्याची भीती असते. दोन चाकीवर हात पूर्ण बसेपर्यंत चार चाकी फक्त सरळ आणि थोडीच मागं घ्या. वळण पुढं जातानाच पूर्ण करून घ्यायचं आणि मग सरळ मागं सरकायचं, असं जमवता आलं तर सगळ्यात चांगलं.

मागं उभा राहणारा माणूस

एकच माणूस. बाकीच्यांनी गप्प बसायचं, मग ते मालक असोत की पाहुणे. हा माणूस ट्रॉलीच्या मागं नसतो, मागच्या कोपऱ्याच्या बाहेर, बाजूला, तुम्ही ज्या खांद्यावरून बघता त्या अंगाला असतो. ट्रॉली आणि भिंत, ट्रॉली आणि दुसरी गाडी यांच्यामध्ये तो कधीही जाणार नाही.

निघण्याआधी दोघांनी शब्द ठरवा. "येऊ द्या" म्हणजे या. थांबायला "बास", आणि त्याबरोबर दोन्ही हात वर. "हां हां हां" असलं काही नको, ते ये की थांब हे कळत नाही. अंतर हातात सांगायचं:

"काका, अजून चार हात... दोन हात... एक हात... बास!"

बास ऐकलं की आधी थांबायचं, का ते नंतर विचारायचं. आणि तो माणूस दिसेनासा झाला तर त्याच क्षणी थांबायचं. तो बहुधा मोबाइल बघायला बाजूला गेलेला असतो, पण बहुधावर ट्रॉली मागं घ्यायची नसते. लहान मुलांचा आवाज कानावर आला तर गाडी बंद करून उतरा आणि ती कुठं आहेत ते डोळ्यांनी बघा. टोळीच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, फडाजवळच असतात, आणि त्यांची लेकरं ट्रॉलीच्या सावलीत खेळत असतात.

फड, यार्ड, वारी

1980 साली उजनी धरण पूर्ण झालं, भीमेचं पाणी कालव्यांनी माढा, मोहोळ, पंढरपूरकडं गेलं आणि या कोरडवाहू मुलखात ऊस पसरला. त्यामुळं आपल्याकडचे फड म्हणजे बांध, पाण्याच्या चाऱ्या आणि पाणी पिऊन मऊ झालेल्या कडा. फडात शिरण्याआधी पायी जा, टाच जमिनीत दाबून बघा. चारीच्या कडेपासून चाक चांगलं आत ठेवा, ट्रॉली भरल्यावर कड ढासळते. रिकामी असतानाच मागं घेऊन लावा आणि तोंड रस्त्याकडं ठेवा, म्हणजे भरलेली ट्रॉली सरळ पुढं बाहेर निघेल. भरलेली ट्रॉली फडात मागं-पुढं करायची वेळ येऊ देऊ नका.

हाच नियम रस्त्याकडेच्या वस्तीला. महामार्गावर, मग तो पुण्याचा असो की विजापूरचा, ट्रॉली मागं घेऊन बाहेर कधीच काढायची नाही. आत जाताना मागं घ्या, बाहेर येताना तोंड पुढं. रस्त्यावर थांबून आत मागं घ्यायचं असेल तर दोन्ही बाजूंना माणूस उभा करा, आणि अंधारात हे काम नको. मागच्या फळीला रिफ्लेक्टर लावलेला असू दे आणि त्यावरची माती पुसलेली असू दे.

मार्केट यार्डात अडचण जागेपेक्षा माणसांची असते. हमाल, व्यापारी, शेतकरी सगळे गाड्यांमधून वाट काढत असतात आणि रिव्हर्सचा आवाज त्या गलक्यात ऐकू जात नाही. आवक जास्त असेल त्या दिवशी थोडं आधी पोचा. घाईनं घुसवण्यापेक्षा समोरची गाडी हलेपर्यंत थांबा.

वारीत मात्र सगळंच एकत्र येतं: पाऊस, चिखल, अरुंद वाट, राहुट्यांचे दोर, खुंट्या, आणि दमून जिथं जागा मिळेल तिथं आडवी झालेली माणसं. दिंडीची वाहनं पुढं जाऊन मुक्कामाला आधी पोचतात ते बरंच आहे. उजेड असताना, माणसं येण्याआधी जागा धरा. दोरांच्या रेषेत ट्रॉली नको, चाक दोरात अडकलं तर राहुटी माणसांवर येते. रात्री उशिरा पोचलात आणि वाटेत कुणी झोपलेलं असेल, तर ट्रॉली बाहेरच उभी करून सामान डोक्यावर न्या. अंधारात चादर आणि चिखल सारखाच दिसतो.

उतार आणि वजन

बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. थांबवायचं सगळं काम ट्रॅक्टरचंच. उतारावर मागं घेताना लो गिअर ठेवा आणि मधे क्लच दाबू नका. क्लच दाबला की इंजिनचा आधार सुटतो आणि ट्रॉली ट्रॅक्टरला खाली ओढते.

दोन चाकी ट्रॉलीत माल कुठं आहे हेही बघा. आसाच्या मागं जास्त भरला तर दांडी वर उचलते, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होऊन घसरतात. दांडीकडं जास्त भरला तर हुकावर दाब येतो, ट्रॅक्टरचं पुढचं तोंड हलकं होतं आणि स्टिअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर वळत नाही. वजन आसाच्या थोडं पुढं झुकलेलं असावं. भरणाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवा.

सोडताना आणि जोडताना

ट्रॉली जागेवर आली की गिअर न्यूट्रल, हँडब्रेक, इंजिन बंद. ट्रॉलीच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून दगडाची उटी लावा. मग दांडीखाली स्टँड किंवा भक्कम ठोकळा द्या. विटांचा ढीग नको, तो दाबानं फुटतो. आता पिन हलवून बघा. सहज हलली तर वजन स्टँडवर आलं आहे. घट्ट असेल तर हातोड्यानं ठोकू नका, ट्रॅक्टर बोटभर पुढं-मागं करून सैल करा. पिन काढताना दांडीच्या वर वाकायचं नाही आणि तिच्यावर पाय द्यायचा नाही, बाजूला उभं राहायचं. मागं माल जास्त असेल तर पिन सुटताच दांडी जोरात वर येते, पुढं जास्त असेल आणि स्टँड सरकला तर तेवढ्याच जोरात खाली.

परत जोडताना एक जण दांडी धरून उभा राहतो आणि दुसरा ट्रॅक्टर मागं आणतो, ही पद्धत गावोगाव दिसते. ती बंद करा. ट्रॅक्टर हलत असताना ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधे कुणीही नको. हूक दांडीच्या समोर हातभर अंतरावर आला की थांबा, पिन टाकणारा माणूस बाजूला आहे ना ते बघा, उरलेलं बोट-बोट मागं घ्या. भोकं जुळली की न्यूट्रल, हँडब्रेक, आणि मग तुम्ही "या" म्हटल्यावरच त्यानं आत येऊन पिन टाकायची. पिन खाली गेली, क्लिप लागली, स्टँड वर घेतला, डंपिंगचा पाइप आणि मागच्या दिव्याची वायर जोडली, की सगळ्यात शेवटी चाकांच्या उट्या काढा.